जुन्या हबची पारख : प्रस्तावना

जुनी सायकल घ्यायला आलेला माणूस आधी फ्रेम बघतो, मग रंग, मग ब्रेक दाबून बघतो. त्यातला जरा जाणता असेल तर मागचं चाक उचलतो, गरकन फिरवतो आणि ते किती वेळ फिरत राहतं यावरून मान डोलावतो. चाक बराच वेळ फिरलं म्हणजे हब उत्तम, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. हे पुस्तक त्या समजाविरुद्ध लिहिलं आहे. उचललेल्या चाकावर भारच नसतो. ग्रीस वाळून गेलेला, थोडा सैल झालेला हब अशा वेळी मजेत फिरतो. ताजं ग्रीस भरलेला, धूळ अडवायला सील असलेला, नीट आवळलेला हब त्याच्याआधी थांबतो. रस्त्यावर स्वाराला झगडावं लागतं ते मुख्यतः हवेशी आणि टायरशी. सुस्थितीतल्या हबमधलं घर्षण त्यापुढे किरकोळ असतं. त्यामुळे हवेत जास्त वेळ फिरणाऱ्या चाकाने स्वाराच्या पदरात काहीच पडत नाही.

हबचा कस लागतो तो झिजेत. झीज कोणालाच चुकत नाही. प्रश्न एवढाच की ती कुठे होते आणि झिजलेला भाग काढून दुसरा बसवता येतो का. माझ्या लेखी चांगला हब तो, जो स्वस्त, सुट्या आणि सहज बदलता येणाऱ्या भागात झिजतो आणि मुख्य अंगाला जपतो. पुढच्या सगळ्या पानांमागे हाच एक विचार आहे. हबवरचं नाव, त्याची चकाकी, त्याचा बाजारभाव या सगळ्याला मी त्यानंतरची जागा दिली आहे.

नव्या वाचकासाठी रचना थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये मधोमध एक्सल असतो. एक्सलच्या आट्यांवर दोन्ही बाजूंनी एकेक कोन फिरवून बसवतात. हबच्या दोन्ही तोंडांशी आत एकेक कप असतो, आणि कप व कोन यांच्या मधल्या गोल वाटेत छर्रे असतात. मागच्या हबमध्ये बहुधा एका बाजूला पाव इंचाचे नऊ, पुढच्यात त्याहून बारीक. कोन आत फिरवला की हब आवळतो, बाहेर फिरवला की सैल होतो, आणि हवी ती जागा सापडली की वरून लॉकनट घट्ट करायचा. या साध्या रचनेचं मोठेपण असं की झीज झाली तरी कोन जरासा आत घेऊन ती भरून काढता येते. बंद बेअरिंगमध्ये ही सोय नसते.

एक्सल आणि कोन जागचे हलत नाहीत. फिरतो तो कप. स्वाराचं वजन एक्सलमार्फत खाली येतं, म्हणजे कोनाचा खालचा भागच सतत दबलेला असतो. कपावर मात्र हा भार फिरत फिरत सगळ्या बाजूंना वाटला जातो. म्हणून कोन आधी जातो, आणि तोही एका कडेने. झिजलेला कोन रॉकेलने धुऊन उजेडात धरा. छर्रे जिथून धावतात तिथे एक रेघ दिसेल. ती बारीक, चकचकीत आणि सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर हब निरोगी आहे. एका भागात ती रुंद होऊन करडी पडली असेल आणि बॉलपेनचं टोक त्यावरून फिरवताना अडखळत असेल, तर तिथे पोलादाचा वरचा कडक थर फुटला आहे. कोनाला भट्टीत दिलेला हा कडकपणा पातळ सालीसारखा वरवरचा असतो. ती साल एकदा फुटली की खालचं मऊ लोखंड भराभर उखडतं. रेघ एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली सरकलेली दिसली तर दोष कोनाचा नाही. एक्सल वाकला आहे, किंवा ज्या खाचांत तो बसतो त्या फ्रेममध्ये समोरासमोर नाहीत. एका लहानशा कोनावर हबचा सगळा इतिहास असा लिहिलेला असतो. तो वाचायला शिकवणं हे या पुस्तकाचं पहिलं काम.

आता थोडा मागोवा. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या कारागिराने १८६९ मध्ये सायकलसाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला झालेली पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर या इंग्रज स्वाराने जिंकली. त्याच्या सायकलला असं बेअरिंग होतं, असं इतिहासकार सांगतात. पुढे १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तिरक्या स्पोकचं पेटंट घेतलं. तोवर स्पोक हबमधून सरळ बाहेर, सूर्यकिरणांसारखे निघत, आणि पेडलचा जोर रिमपर्यंत पोचताना हब स्पोकांच्या आत पिळला जाई. स्पोक तिरके, एकमेकांना छेदून ओवले की हा पीळ ते ताणात घेतात. हबच्या दोन्ही अंगांना असलेल्या तबकड्यांचा, म्हणजे फ्लँजचा, आजचा आकार या बदलातून आला. १८८३ च्या सुमारास जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमध्ये फ्रीडरिश फिशरने पोलादी छर्रे एकसारखे घासून देणारं यंत्र केलं. माझ्या मते हबच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. नऊ छऱ्यांपैकी एकच जरा मोठा असेल तर भार त्याच्याच माथी येतो आणि बाकीचे नुसते सोबतीला धावतात. आजही छर्रे बदलताना पूर्ण संच, एकाच डबीतला, बदलायचा तो यासाठी. आर्चिबाल्ड शार्पचा सायकलशास्त्रावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ १८९६ मध्ये आला, तेव्हा हबमागचं बरंचसं शास्त्र जागेवर आलेलं होतं. त्यानंतरचा इतिहास मुख्यतः वेगवेगळ्या देशांनी त्याच रचनेतून काय काय मागितलं याचा आहे.

इंग्रजांनी मागितला टिकाऊपणा. त्यांचा पोलादी हब जड, क्रोमचा किंवा निकेलचा, अंगाला तेल सोडायचं भोक असलेला. या परंपरेचा कळस म्हणजे नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर. रॅलेच्या फ्रँक बाउडनने १९०२ मध्ये तीन गिअरच्या हबचं काम हाती घेतलं. १९३६ मध्ये त्याचा एडब्ल्यू हा प्रकार आला आणि पुढची कित्येक दशकं जगभर चालला. त्याच्या पोटात एक्सलवर वीस दात्यांचं स्थिर चाक, त्याभोवती फिरणारी लहान चाकं आणि बाहेर साठ दात्यांचं कडं. मधला गिअर सरळ, वरचा त्याच्या चार तृतीयांश, खालचा तीन चतुर्थांश. या हबची पारख कानाने सुरू होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरवर पेडल मारताना आतून टिकटिक यायला हवी, पहिल्यावर पेडल मारताना शांतता. पहिल्या गिअरची पकड घेणारे खटके वरच्या दोन्ही गिअरमध्ये नुसते उडत राहतात, त्यांचा तो आवाज. टिकटिक बंद असेल तर ते खटके वाळलेल्या तेलात चिकटले आहेत किंवा त्यांची स्प्रिंग गेली आहे. बहुतेक एडब्ल्यूवर वर्ष आणि महिना ठोकलेला सापडतो: ५८ आणि ३ असे आकडे असतील तर तो मार्च १९५८ चा. इतका प्रामाणिक जन्मदाखला सायकलच्या दुसऱ्या कुठल्या भागाला क्वचितच मिळतो. तेलावर चालणारा हा हब ग्रीसने ठासून भरण्याची आपल्याकडची सवय त्याला मारक ठरते, हे इथेच सांगून टाकतो. २००० मध्ये कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, पण जुन्या एडब्ल्यूचे भाग आजही मिळतात. माझ्या व्याख्येत तो पहिल्या रांगेत बसतो.

इटालियनांनी मागितला वेग आणि देखणेपणा. तुल्लिओ कांपान्योलोने १९३० मध्ये झटकन चाक काढता येणाऱ्या दांडीचं, क्विक रिलीजचं पेटंट घेतलं आणि १९३३ मध्ये विचेन्झाला कारखाना काढला. १९५८ चा रेकॉर्ड हब हा अनेकांच्या मते जुन्या हबांचा राजा. मी नावाला भुलत नाही, पण इथे नाव सार्थ आहे. अंग अॅल्युमिनियमचं, कप वेगळे दाबून बसवलेले आणि बदलता येणारे, कोन आरशासारखे घासलेले, आणि तेलाच्या भोकावर स्प्रिंगची पट्टी. त्याच घरातला स्वस्त नुओवो टिपो दुरून जवळपास तसाच दिसतो. फरक कोनाच्या घासकामात असतो आणि हब उघडल्याशिवाय तो हाती लागत नाही. क्विक रिलीजने पारखीत एक नवी गोष्ट आणली. दांडी आवळली की पोकळ एक्सल किंचित दबतो आणि कोन आत सरकतात. म्हणून असा हब टेबलावर अगदी बरोबर जुळवला तर सायकलवर तो जास्त आवळला जातो. टेबलावर केसभर सैल ठेवायचा आणि दांडी बंद केल्यावर ती ढिलाई गेली पाहिजे. विकणारा हब हातात देऊन जरा हलतोय म्हणाला तर लगेच नाक मुरडू नये, ते यामुळे.

फ्रेंचांची परंपरा मला सर्वांत जवळची. लांब पल्ल्याची, सामान बांधून भटकणारी सायकल त्यांनी मनापासून विकसित केली. रने एर्स किंवा अलेक्स सिंगर यांच्या सायकलींवर दिसणारा माक्सी-कार हा हब त्या वृत्तीतून आला. धूळपाण्याला वळणावळणाची वाट करून अडवणारी त्याची सील, आणि उजव्या फ्लँजला किल्लीच्या भोकासारखी छिद्रं, जेणेकरून आडरानात स्पोक तुटला तर फ्रीव्हील न काढता तो बदलता यावा. हबची कल्पना करणाऱ्याने रस्त्यावर अडकलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता, हे त्या छिद्रांत दिसतं. याच देशात मायार कंपनीने ऐंशीच्या दशकात हेलिकोमॅटिक काढला: मागची दातेरी चाकं एका झटक्यात निघावीत ही त्याची युक्ती. युक्ती खरोखर सुंदर होती, पण तिच्यासाठी जागा करताना उजव्या बाजूचे छर्रे लहान करावे लागले आणि ते भार पेलेनात. कल्पकता आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे नवख्याला समजावताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

जर्मन आणि अमेरिकन परंपरेत पेडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या हबांना मान. कनेक्टिकटमधल्या ब्रिस्टलच्या न्यू डिपार्चरने १८९८ मध्ये आणि श्वाइनफुर्टच्या एर्न्स्ट झाक्सने १९०३ मध्ये, टॉर्पेडो या नावाने, असे हब आणले. आपल्याकडे ते कमी भेटतात, म्हणून पुस्तकात त्यांना थोडीच जागा आहे. जपानी परंपरेला मात्र पुरेशी दिली आहे. शिमानोची सुरुवात १९२१ मध्ये साकाई शहरात फ्रीव्हीलपासून झाली. सुझुए, सान्शिन यांसारख्या कारखान्यांनी साध्या किमतीत कमालीचं नेमकं काम दिलं, आणि बाजारात या हबांची किंमत अजूनही त्यांच्या गुणाहून कमी लागते. नव्याने या छंदाकडे वळणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

या सगळ्या परंपरांना छेदून जाणारे दोन मोठे वाद आहेत. पहिला उजव्या बाजूच्या बेअरिंगच्या जागेचा. फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवण्याच्या पद्धतीत उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला राहतं आणि एक्सलचा बराच भाग आधाराविना बाहेर येतो. दातेरी चाकं तीन होती तोवर ठीक. सहा-सात झाल्यावर एक्सल वाकू आणि मोडू लागले. इंग्लंडच्या बेलिस-वायलीने १९३८ मध्येच फ्रीव्हील आणि हब एक करून बेअरिंग बाहेर नेलं होतं. त्या वेळी ते फारसं पसरलं नाही. शिमानोने १९७८ मध्ये हीच दिशा धरली आणि पुढे सगळं जग तिकडे गेलं. दुसरा वाद सुट्या छऱ्यांचा आणि बंद बेअरिंगचा. कॅलिफोर्नियाच्या फिल वुडने १९७१ पासून बंद बेअरिंगचे हब विकले आणि देखभालीतून सुटका हवी असणाऱ्यांना ते भावले. मी सुट्या छऱ्यांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. पण दुसऱ्या बाजूचाही मुद्दा भक्कम आहे: बंद बेअरिंग ठरावीक मापाचं असतं, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या फ्रेंच हबचा कोन मात्र शोधून मिळत नाही. हबचं अंग धडधाकट आणि कोन अप्राप्य, या अवस्थेतले हब मी कमी किमतीचेच धरतो, मग त्यावर कितीही मोठं नाव कोरलेलं असो.

आपल्याकडची गोष्ट इंग्रजी परंपरेची पुढची शाखा आहे. आसनसोलची सेन-रॅले, मुंबईत वरळीची हिंद सायकल्स, मद्रासची टीआय, सोनीपतची अॅटलस, लुधियानाची हिरो यांनी जो दणकट रोडस्टर घरोघरी नेला त्याची चाकं बहुधा इंग्रजी हिशेबाची, पुढे ३२ आणि मागे ४० स्पोकांची होती. पुण्यासारख्या शहरात कॉलेजचा विद्यार्थी, कारकून आणि दूधवाला एकाच तऱ्हेच्या हबवर स्वार होते. हबला रंगीत झुबकेदार कडं घालायचे, ते फिरता फिरता मधला भाग पुसत राही. दसऱ्याला सायकल धुऊन, पुसून, हार घालून पूजा व्हायची आणि त्याआधी ओव्हरहॉलिंगला दुकानांत रांग लागायची. त्या दुकानांतल्या कारागिरांच्या बोटांना जे कळत होतं ते आपल्या भाषेत कोणी लिहून ठेवलं नाही. डावीकडचा कोन किती आवळायचा हे ते चाक सोडून बघत: चाक हळूच मोकळं सोडलं की नळीच्या व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली यायला हवा, चार-दोन झोके घेऊन थांबायला हवा, आणि रिम धरून हलवली तर खडखड जाणवायला नको. या परीक्षेला माप लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि तिच्यातून हब किती आवळला आहे ते नेमकं कळतं. पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या सायकली जपल्या जात आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. सायकलींसोबत ही परीक्षाही टिकावी, एवढीच इच्छा.

आणि ती टिकण्याची निकड आज आहे. इटलीत गायोले इन क्यांती इथे १९९७ पासून भरणाऱ्या लेरोइकासारख्या सोहळ्यांनी, जिथे १९८७ पूर्वीच्या बांधणीच्या सायकली लागतात, जुन्या सुट्या भागांना जगभर मागणी आली. मागणी आली की पॉलिश आली. घासून घासून अक्षरं बोथट झालेला, पुन्हा क्रोम चढवलेला हब फोटोत नव्यासारखा दिसतो. फ्लँजची छिद्रं लांबट झालेली, छिद्रापासून कडेपर्यंत केसासारखा तडा गेलेला त्या फोटोत दिसत नाही. ‘न वापरलेला जुना माल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या हबमधलं ग्रीस कित्येकदा मेणासारखं घट्ट झालेलं असतं. तसाच रस्त्यावर काढला तर पहिल्याच महिन्यात कोन खराब होतात. आट्यांचा घोळ वेगळाच. इंग्रजी फ्रीव्हीलचे आटे १.३७० इंचाला चोवीस, इटालियन ३५ मिलिमीटरला चोवीस, फ्रेंच ३४.७ मिलिमीटर आणि अंतर एक मिलिमीटरचं. हाताला तिन्ही सारखेच वाटतात, आणि चुकीचं फ्रीव्हील जोर लावून चढवलं की चांगला हब कायमचा जातो. जोबस्ट ब्रँट यांचं चाकावरचं इंग्रजी पुस्तक १९८१ मध्ये आलं, शेल्डन ब्राउन यांनीही पुढे खूप लिहिलं, आणि दोघांचं ऋण या पुस्तकावर आहे. मराठीत मात्र हातात पाना घेऊन बसलेल्या माणसासाठी असं काही नव्हतं.

हे पुस्तक हबांचा कोश नाही. प्रत्येक कंपनीचं प्रत्येक मॉडेल इथे सापडणार नाही, आणि बाजारभाव तर मी मुद्दामच दिलेले नाहीत. ते छापून होईपर्यंत शिळे होतात आणि वाचकाचं लक्ष नको तिकडे नेतात. इथे हब बाहेरून बघणं, कानाने ऐकणं, बोटांनी चाचपणं आणि शेवटी उघडून वाचणं असा क्रम ठेवला आहे, कारण दुकानात किंवा जुन्या बाजारात आपल्याला याच क्रमाने संधी मिळते. उघडायला तर बहुतेक वेळा मिळतच नाही. तारीख ओळखण्याचा भाग त्यानंतर येतो. कांपान्योलोच्या मागच्या लॉकनटवरचे वर्षाचे दोन आकडे किंवा स्टर्मीचा शिक्का बघून हरखून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की लॉकनट बदलता येतो. कोनावरची रेघ बदलता येत नाही.

वाचायला बसण्यापूर्वी एक तयारी करावी. भंगारवाल्याकडून पुढच्या चाकाचा एक टाकाऊ हब आणावा, कोनाला बसतील असे दोन पातळ पाने, वाटीभर रॉकेल, जुनं फडकं आणि छर्रे घरंगळून जाणार नाहीत असं कडा असलेलं ताट. पहिलं प्रकरण त्या ताटावर वाचायचं आहे.